कचऱ्यातून परत आलेला ग्लव्ह

सँडी कोफॅक्सचा १९६५चा परफेक्ट गेम आणि त्या मोसमातले ३८२ स्ट्राइकआउट बेसबॉलवेड्यांना तोंडपाठ असतात. मला ओढ आहे ती त्याआधीच्या वर्षांची. १९५५च्या मोसमात हा एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. चार हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस घेणाऱ्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळे खालच्या लीगमध्ये चुकत-माकत शिकायची वाटच बंद झाली. त्याला जागा करून देण्यासाठी ज्या पिचरला खाली धाडलं, तो टॉमी लसोर्डा. पुढे वीस मोसम डॉजर्सचा मॅनेजर तोच होता!

वेग अफाट, पण चेंडू जिच्यावरून जायला हवा ती होम प्लेट अवघी सतरा इंच रुंद. १९५८मध्ये कोफॅक्सनं १०५ फलंदाजांना वॉक दिले, म्हणजे पहिला बेस फुकटात. १९६०चा शेवटचा सामना संपला आणि त्यानं ग्लव्ह, बूट कचऱ्यात टाकले. क्लबहाउस सांभाळणाऱ्या नोबे कावानोनं ते गुपचूप उचलून ठेवले. वसंतात त्यांचा मालक परतला.

त्याच वसंतात फ्लोरिडात दुय्यम संघाचा सराव सामना होता. एका पिचरचं विमान चुकलं, म्हणून कोफॅक्सला जास्त इनिंग्ज टाकाव्या लागणार होत्या. सुरुवातीलाच तिन्ही बेस भरले, बाद कोणीच नाही. कॅचर नॉर्म शेरी माउंडवर आला. जोर कमी कर, मारू देत त्यांना, एवढंच त्यानं सुचवलं. कोफॅक्सनं हात सैल सोडला आणि पुढचे तिघेही स्ट्राइकआउट झाले. सात इनिंग्जमध्ये एकही हिट नाही. शेरीला तर चेंडू आधीपेक्षा वेगवान वाटला.

दुसरी मेख स्काउट केनी मायर्सनं शोधली. फेकण्याआधीच्या वाइंडअपमध्ये कोफॅक्स इतका मागे झुकायचा की लक्ष्यच त्याच्या नजरेआड व्हायचं. इतकी वर्षं तो जवळजवळ न बघताच फेकत होता! १९६३मध्ये ३११ इनिंग्जमध्ये त्याचे वॉक उरले ५८.

तशाच अफाट वेगाचा पिचर स्टीव्ह डाल्कोव्स्की आठवला की मात्र जीव तुटतो. १९६०मध्ये स्टॉकटनकडून २६२ स्ट्राइकआउट आणि वॉकही नेमके २६२. लष्कराच्या यंत्रावर त्याचा वेग मोजायला नेलं, तर यंत्राच्या टप्प्यातून चेंडू जायलाच चाळीस मिनिटं लागली. १९६२मध्ये एल्मायराला अर्ल वीव्हरच्या हाताखाली त्याचे वॉक ११४वर आले. पुढच्या वसंतात बाल्टिमोर ओरिओल्सच्या मुख्य संघाचं दार उघडत होतं, तेवढ्यात सराव सामन्यात त्याचं कोपर गेलं.