काचेचे धागे आणि सावध हात

मुलांनो, मोटारीच्या डिकीत बसवलेले मोठे स्पीकर तुम्ही पाहिले असतील. डिकीच्या आतल्या बाजूला बाक आणि खाचा असतात. तेथे लाकडाची चौकोनी पेटी नीट बसत नाही. म्हणून कारागीर त्या जागेच्या आकाराची पेटी फायबरग्लासची बनवतात. होड्या आणि पाण्याच्या टाक्याही याच पदार्थाच्या बनतात.

फायबरग्लास म्हणजे काय? केसाहून बारीक अशा काचेच्या धाग्यांची चटई रेझिन नावाच्या दाट द्रवात भिजवतात. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला, की ते थोड्या वेळात कडक होते. असे थरावर थर देतात. पेटी पातळ राहिली, तर ती स्वतःच थरथरते आणि आवाज बिघडतो.

हे काम सोपे दिसते. पण त्यात चार धोके आहेत.

पहिला धोका हार्डनरचा. तो पाण्यासारखा दिसतो. त्याचा थेंब डोळ्यात गेला, तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच बाटली उघडावी. थेंब डोळ्यात गेलाच, तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा व लगेच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा धोका आगीचा. रेझिन लवकर कडक व्हावे म्हणून त्यात कोबाल्ट नावाचा जांभळट द्रव घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत; भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळावा, मगच हार्डनर घालावा. १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ ते २ ग्रॅम हार्डनर पुरतो. कडक होताना रेझिन तापते. डबाभर रेझिन एकदम कालवले, तर त्यातून धूरही निघतो. म्हणून थोडे थोडेच कालवावे.

तिसरा धोका वाफेचा. रेझिनच्या उग्र वासात स्टायरीनची वाफ असते. तिने डोके दुखते, चक्कर येते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून बंद मोटारीत साचून राहते. ती पेटही घेते. काम करताना सर्व दारे उघडी ठेवावीत. जवळपास विडी, काडी किंवा वेल्डिंग नको. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणारी डबी लावलेला मास्क लागतो.

चौथा धोका धुळीचा. पेटी घासताना काचेचे बारीक कण उडतात. ते अंगात रुततात आणि श्वासाबरोबर आतही जातात. पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा व धुळीचा मास्क घालावा. पॉलिश पेपर ओला करून घासावे. अंगाला खाज सुटली, तर चोळू नये. साबण आणि पाण्याने धुवावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, नाहीतर घरातल्या लहानग्यांच्या कपड्यांतही काच जाते.

सुट्टीत तुमच्यापैकी कोणी गॅरेजमध्ये जाऊन बसत असेल. तेथे एखादे उस्ताद उघड्या हातांनी हे काम करताना दिसतील. "आम्हाला सवय आहे," असे ते म्हणतील. त्यांचा हुनर जरूर पाहा. सवय मात्र हाताला होते. डोळ्यांना आणि फुफ्फुसांना ती कधी होत नाही. पुढे हे काम शिकायचे ठरवलेत, तर आधी चष्मा, हातमोजे आणि मास्क घ्या, रेझिन त्यानंतर.