खंड्याचे गणगोत

हजरत सुलैमान (अ.स.) यांच्याकडे सबाच्या राणीची खबर घेऊन येणारा हुदहुद आपल्या मुलाबाळांनाही माहीत असतो. सूरह नम्लमध्ये त्याचा उल्लेख आहे. हाच हुदहुद ओढ्याकाठच्या खंड्याचा नातलग आहे, असे पक्षिशास्त्र पुष्कळ वर्षे मानत होते.

खंड्या, वेडा राघू, नीलपंख, हुदहुद आणि धनेश हे सारे पूर्वी एकाच गणात मोडत. पुढे डीएनएच्या तपासणीवरून हुदहुद आणि धनेश यांचा वेगळा गण ठरला. त्यांच्या सवयीही जुळतात. दोघांचीही मादी ढोलीत अंड्यांवर बसते आणि नर तिला बाहेरून दाणापाणी पुरवतो. वेडा राघू आणि नीलपंख मात्र खंड्याच्याच गणात राहिले.

खंड्याच्या कुळात जगभर शंभराहून अधिक जाती आहेत. भारतात १२ आढळतात. या कुळाच्या तीन शाखा आहेत. पहिलीतला निळा, छोटा खंड्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो. दुसरीतला काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग खाली झेपावतो. तिसरी शाखा सर्वांत मोठी. आपल्या विजेच्या तारांवर दिसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या हिच्यातला. तो पाण्यापासून दूरही राहतो आणि टोळ, सरडे, बेडूक खातो. ऑस्ट्रेलियातला त्याचा भाऊबंद कुकाबुरा तर सापही मारतो. म्हणजे खंड्या म्हटला की तो मासेखाऊच, असे नाही.

कोकणात पावसाच्या तोंडावर येणारा रंगीबेरंगी तिबोटी खंड्या पहिल्या शाखेतला. इतर बहुतेक खंड्यांना पायाला चार बोटे, याला तीनच. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत तो चोचीने बोगदा खोदतो आणि आत पिल्ले वाढवतो.

आपल्याकडच्या बहुतेक खंड्यांचे घर असे मातीतच असते. वेडा राघूही जमिनीत बीळ करतो. त्यामुळे ओढ्याचे काठ काँक्रीटने बांधले किंवा दरडी यंत्राने तासल्या, की या पक्ष्यांचे घरच जाते. ओढ्यात मासे भरपूर असले तरी अंडी घालायला जागा उरत नाही.

सूरह अन्आममध्ये पक्ष्यांचा उल्लेख माणसांप्रमाणेच समुदाय म्हणून आला आहे. आपल्या वाडीत, शेताच्या बांधावर बिळे असलेली एखादी दरड दिसली, तर उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत तिला हात लावू नका. मुलांनाही लांबूनच पाहायला सांगा. तेवढ्यानेही एका कुटुंबाचे घर वाचेल.