पैसा फोनात आला, पण फोन कोणाच्या हातात?



गटाच्या बैठकीत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं. "पैसे आलेत का ते पोराला बघायला सांगते." पैसे बाईचे, खातं बाईचं, आधारकार्ड बाईचं, आणि पैसे आलेत की नाही हे सांगणार पोरगा! आज आपण याच गोष्टीवर बोलू. इंटरनेटनं काय काय बदललं ते सगळं सांगत बसले तर रात्र पुरायची नाही. म्हणून मी फक्त पैशापुरतं बोलणार आहे. घरात पैसा आधी कसा यायचा, आता कसा येतो, आणि या बदलात तो बाईच्या हाताजवळ आला की लांब गेला.

आटपाडी-खानापूरकडच्या बायांना मनीऑर्डर म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी पार तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत गेली. मागं राहिल्या बाया, म्हातारी माणसं, शेरडं आणि पोस्टमनची वाट. पैसे पाठवायला पोस्ट शंभराला पाच रुपये कापून घ्यायचं. पैसे पोचायला आठवडा लागो नाहीतर पंधरवडा, पण पोस्टमन दारात यायचा, नाव पुकारायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजून हातावर ठेवायचा. फॉर्मच्या खालच्या चिठोरीवर दोन ओळींचा निरोप असायचा. ज्या बाईच्या नावानं मनीऑर्डर आली, पैसे तिच्याच हातात पडायचे. सासूनं नंतर मागून घेतले ती गोष्ट वेगळी! पण किती आले, कधी आले, हे तिला ठाऊक असायचं. आख्ख्या आळीला ठाऊक असायचं म्हणा ना.

मी काही मनीऑर्डरच्या काळाचे गोडवे गात नाही. आजारी पोराला दवाखान्यात न्यायचंय आणि पैसे वाटेत अडकलेत, असं कित्येकींनी सोसलं आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेव्हा पैसा माणसाच्या मागं यायचा. आता तो मोबाईल नंबराच्या मागं येतो. सगळा फरक इथं आहे.

हा बदल एका वर्षात भराभर झाला. २०१६ साल आठवा. त्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत फोनवरून लगेच पैसे पाठवायची सोय. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि नेटचे दर एकदम पडले. आठ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. डाळीच्या डब्यात आणि पत्र्याच्या पेटीत जपलेली बायकांची शिल्लक त्या वेळी बाहेर काढावी लागली. नवऱ्याला ठाऊक नसलेले पैसे त्याच्यासमोर मोजायची वेळ आली, हे दुःख बँकेच्या कुठल्या हिशोबात आलं नाही. त्यानंतर हळूहळू चहाच्या टपरीवर, भाजीच्या पाटीवर ते काळ्या-पांढऱ्या चौकोनाचं चित्र, क्यूआर कोड, दिसायला लागलं.

पण नेट घरात आलं म्हणजे ते घरातल्या सगळ्यांकडं आलं असं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं की तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरलं आहे का. देशातल्या खेड्यांत शंभरातले जवळपास ४९ पुरुष हो म्हणाले, आणि बाया फक्त २५ च्या आसपास. मधल्या वर्षांत फोन पुष्कळ वाढले. तरी आपल्या बैठकीतच हात वर करायला सांगा. फोन आहे म्हणणाऱ्या किती, आणि तो फोन रात्री उशाशी कोणाच्या असतो?

आता हे चालतं कसं ते समजून घेऊ. बँकेत खातं काढताना आपण एक मोबाईल नंबर देतो. फोनवर यूपीआय सुरू करायचं तर त्याच नंबराचं सिमकार्ड त्या फोनात लागतं. मग एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख घालून, किंवा आधारच्या ओटीपीवर, पिन ठरवता येतो. म्हणजे ज्याच्या हातात सिम आणि ज्याला आपलं कार्ड किंवा आधार मिळतं, त्याला आपल्या खात्याचं दार उघडता येतं. त्याला बँकेत जावं लागत नाही की आपली सही लागत नाही. खातं काढायच्या दिवशी "नंबर कोणाचा टाकू?" असं विचारल्यावर आपण सहज "मालकांचाच टाका" म्हणालो, त्या वेळी आपण किल्लीच त्यांच्या हातात दिली. घरात सगळं नीट असेल तर काही बिघडत नाही. पण नवरा दारू पिणारा असेल, पोरगा फोनवर पत्ते नाहीतर रमी खेळणारा असेल, किंवा उद्या भांडण होऊन बाई माहेरी गेली, तर? पैसे जमा झाल्याचा मेसेजसुद्धा तिला येत नाही.

आमच्या एका गटातल्या मावशींचं उदाहरण सांगते. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार त्यांच्या पासबुकात दिसेनात. चार महिने बँकेत खेटे घातले. शेवटी कळलं, पैसे वेळेवर येत होते, पण दुसऱ्या खात्यात. कधी तरी एका शिबिरात त्यांनी अंगठा देऊन एक नवं खातं उघडलं होतं, आणि आधार त्याला जोडलं गेलं होतं. हे पुष्कळ जणींच्या बाबतीत होतं, म्हणून सांगते. सरकारी योजनेचे पैसे खाते नंबर बघून नाही, आधार बघून येतात. आणि आधारला सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं, पैसे त्यातच पडतात. आपली खाती तीन असोत की चार, त्यासाठी जोडलेलं खातं एकच. आधारच्या वेबसाइटवर ते बघता येतं, फक्त आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. परत नंबराचाच प्रश्न आला बघा!

अंगठ्याच्या मशीनचंही थोडं बोलायला हवं, कारण स्मार्टफोन नसलेल्या बाईला नेट भेटतं ते तिथंच. बँक मित्राकडं किंवा आपल्या बँक सखीकडं आधार नंबर सांगायचा, बोट ठेवायचं, पैसे मिळतात. कार्ड नको, पिन नको, तालुक्याची फेरी नको. एका फेरीला अर्ध्या दिवसाची मजुरी आणि वर एसटीचं तिकीट जायचं, ते वाचलं. गटातल्याच बाईला हे काम मिळालं तर तिला कमिशनही मिळतं. फार चांगली सोय आहे ही, मी तर म्हणेन गेल्या दहा वर्षांत बायांसाठी झालेली सगळ्यात मोठी सोय. पण याच मशीनवर फसवणूकही होते. माणूस म्हणतो, "मावशी, अंगठा उमटला नाही, परत ठेवा." भांडी घासून, खुरपून आपली बोटं झिजलेली, त्यामुळं ते खरंही वाटतं. पण पहिल्या अंगठ्याला पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्यालाही निघतात. किंवा आपण नुसती शिल्लक विचारायला गेलो आणि त्यानं पैसे काढायचं बटण दाबलं. म्हणून दर अंगठ्याची पावती मागायची. अंगठा उमटला नाही तर त्याचीही पावती निघते. "कागद संपलाय" म्हणाला तर त्या दिवशी व्यवहारच करायचा नाही. आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून आणायचं, मग त्यात आपण न काढलेली रक्कम दिसली तर लगेच लेखी तक्रार द्यायची. ज्यांना फार भीती वाटते त्यांना आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंदही करता येतं, आधारच्या ॲपमधून. मात्र कुलूप लावलं की रेशन दुकानात बोट लागणार नाही, हे माहीत असू द्या. रेशनच्या दिवशी ते उघडावं लागतं.

बाजारात बसणाऱ्या बाया वेगळ्याच पद्धतीनं फसतात. गिऱ्हाईक फोन पुढं करतं, स्क्रीनवर हिरवी खूण दाखवतं आणि भाजी घेऊन जातं. ती खूण खोटी असू शकते. तशी ॲप निघाली आहेत. आपल्या फोनवर मेसेज आला किंवा बोलणारा डबा "प्राप्त झाले" म्हणाला तरच पिशवी द्यायची. दुसरा प्रकार म्हैस, शेळी, जुनी गाडी विकायला काढली की घडतो. फोन येतो, "मी मिलिटरीत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." बायांनो, एवढं एकच पाठ करा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. समोरचा पैसे द्यायचे म्हणतोय आणि पिन मागतोय, तर फोन बंद करा. हसून करा नाहीतर शिवी देऊन करा, पण करा.

झटपट कर्ज देणारी ॲप हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळं बोलू. आज एवढंच की कर्ज देणाऱ्या ॲपनं आपल्या फोनातले नातेवाइकांचे नंबर बघू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. ज्या ॲपला ते हवेत, ते पैसे वसुलीसाठी उद्या आपल्या व्याह्यांना फोन करणार. त्यापेक्षा आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज बरं. तिथं व्याज आपल्याच पेटीत पडतं.

आणि पैसे गेलेच तर? लाजून गप्प बसायचं नाही. घरात बोलणी बसतील म्हणून दोन-दोन दिवस कोणाला न सांगणाऱ्या बाया मी बघितल्यात, आणि त्या दोन दिवसांतच पैसा हातचा जातो. चोराच्या खात्यातून तो पुढं तिसऱ्या, चौथ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघतो. त्याआधी तो अडवता येतो. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. लगेच लावायचा, लागला नाही तर परत लावायचा. ते विचारतील कोणती बँक, किती रक्कम, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो मेसेजमध्ये असतो, म्हणून मेसेज पुसू नका. मग शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानं, चूक ना बँकेची ना आपली, तिसऱ्यानंच पैसे काढले आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणजे काहीही झालं असलं तरी लवकर सांगणाऱ्या बाईचं नुकसान कमी होतं.

आता नंबर बदलायचं. बँकेतला नंबर वेगळा आणि आधारमधला नंबर वेगळा, ही दोन कामं आहेत. बँकेतला बदलायला आपल्या शाखेत स्वतः जायचं, पासबुक आणि आधार न्यायचं, फॉर्म भरायचा. आधारमधला बदलायला आधार केंद्रात जायचं, तिथं थोडं शुल्क पडतं. साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, मेसेज त्यावरही येतो. सिम मात्र आपल्या नावावर हवं आणि ते चालू ठेवायला रिचार्ज हवा. दोन गटांनी या रिचार्जसाठी दरमहा वेगळी वर्गणी काढायला सुरुवात केली आहे, मला ते पटलं. घरात विचारतील, "आता हे कशाला?" तर सांगा, गटाच्या ताईंनी सांगितलंय, लाडक्या बहिणीच्या केवायसीला ओटीपी लागतो. ते खोटंही नाही.

येत्या मंगळवारी मी आमच्या सहा जणींना घेऊन तालुक्याला आधार केंद्रात जाणार आहे. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघू, कारण दहानंतर रांग लागते. यायचं असेल तर आपल्या गटाच्या अध्यक्षांकडं नाव द्या, आणि येताना आधार, पासबुक आणि ज्या नंबराचं सिम घालायचं तो फोन चार्ज करून आणा.