‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ आणि आपली सप्तमी

‘सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता दादरला चार नंबरच्या फलाटावर भेटू.’ हे वाक्य बोलताना मराठी माणसाला क्षणभरही अडखळायला होत नाही. तेच इंग्रजीत सांगायला घेतलं की चार ठिकाणी पाय अडतो. साडेनऊच्या आधी ‘ॲट’, सोमवार सकाळच्या आधी ‘ऑन’, दादर स्टेशनच्या आधी पुन्हा ‘ॲट’, फलाटाच्या आधी ‘ऑन’. ‘येत्या सोमवारी’ म्हणायचं असेल, तर ‘नेक्स्ट मंडे’च्या आधी काहीच नको. आणि भेटायला येणारा माणूस दादरचा रहिवासी असेल, तर तो राहतो मात्र ‘इन दादर’.

इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा शब्दांत ‘टू’, ‘ऑफ’ आणि ‘इन’ आहेत. दोन-तीन अक्षरांचे हे शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतात, आणि उत्तम शिकलेल्या, इंग्रजीत अहवाल लिहिणाऱ्या, परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांचीही चूक होते ती याच शब्दांत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. शब्दसंग्रह वाढला, मुलांचा धीर वाढला. पण ही अडचण बहुतांशी तशीच राहिली. तिचं खापर विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणावर फोडणं मला मान्य नाही. अडचण कुठून येते हे त्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही, हे खरं कारण आहे.

मराठीत नात्याचा हा खुणेचा शब्द नामाच्या मागे येतो आणि त्याला चिकटतो. घर, घरा, घरात. सप्तमीचे त, ई, आ हे प्रत्यय आपण शाळेत पाठ केलेले असतात. त्यांच्या जोडीला वर, खाली, मध्ये, पाशी, पर्यंत, पासून ही शब्दयोगी अव्ययं असतात. इंग्रजीत खूण नामाच्या आधी आणि सुटी उभी राहते. हा फरक कायमचा नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि त्यांचं काम सुट्या शब्दांवर येऊन पडलं. ‘गो होम’ म्हणताना मध्ये ‘टू’ का नाही, याचं उत्तर त्या जुन्या व्यवस्थेत आहे: तिथलं ‘होम’ हे जुन्या द्वितीयेचं उरलेलं रूप आहे. आपणही ‘घराला जातो’ म्हणत नाही, ‘घरी जातो’ म्हणतो.

एका प्रत्ययाच्या पोटात किती वेगवेगळी नाती दडलेली असतात, हे संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी ओळखलं होतं. भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त अधिकरणाचे, म्हणजे आधाराचे, तीन प्रकार सांगितले आहेत. चटईवर कुणी बसलेलं असतं तो औपश्लेषिक आधार. तिथे नातं स्पर्शाचं. तिळात तेल असतं तो अभिव्यापक. तिथे एक वस्तू दुसरीला आतून व्यापून असते. मोक्षाच्या ठायी इच्छा असते तो वैषयिक. तिथे नातं मनाचं. संस्कृतात तिन्हींना सप्तमीच लागते. तरीही त्या पंडितांनी प्रत्ययावर न थांबता मागचं नातं पाहिलं. इंग्रजी शिकणाऱ्याने नेमकं हेच करायचं आहे. ‘त’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. हे वाक्य बोलताना इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर काय असतं, असं विचारायला हवं.

त्याच्या डोळ्यांसमोर ढोबळमानाने तीन चित्रं असतात. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्‌व्याकरणात या शब्दांची मांडणी मितींच्या आधारे केली आहे. जागा नुसता बिंदू म्हणून दिसत असेल तर ‘ॲट’. रेघ किंवा पृष्ठभाग म्हणून दिसत असेल तर ‘ऑन’. चहूबाजूंनी सीमा असलेला प्रदेश किंवा पोकळी म्हणून दिसत असेल तर ‘इन’. जागा तीच असते, पाहण्याची नजर बदलते. गाडी थांबते तेव्हा दादर हा मार्गावरचा एक बिंदू असतो, म्हणून ‘स्टॉप्स ॲट दादर’. तिथे घर केलं की दादर ही गल्लीबोळांची वस्ती होते, म्हणून ‘लिव्ह इन दादर’. पत्त्यात शहराला ‘इन’, रस्त्याला ‘ऑन’ आणि घर क्रमांकाला ‘ॲट’ लागतं ते याच हिशेबाने.

ईमेलच्या पत्त्यातलं गोल शेपटीचं चिन्ह हे बिंदूचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ते निवडलं, कारण अमुक माणूस अमुक संगणकापाशी आहे एवढंच त्यांना दाखवायचं होतं. आपल्याकडे पत्ता सांगताना लोक त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतात. ते हिशेबाच्या वह्यांतून आलं, जिथे हे चिन्ह नगाच्या दराआधी लिहिलं जाई. पत्त्यात ‘रेट’चं काही काम नाही, नुसतं ‘ॲट’ पुरे.

‘ऑन’चा आत्मा स्पर्शात आहे, उंचीत नाही. छताला खालून चिकटलेली माशीही ‘ऑन द सीलिंग’. आपलं ‘वर’ मात्र उंचीही सांगतं आणि स्पर्शही. टेबलावर वही आणि डोक्यावर पंखा, दोन्हींना एकच ‘वर’. इंग्रजीत वही ‘ऑन’ आणि पंखा ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’. झाडावर बसलेला पोपट ‘इन द ट्री’, कारण इंग्रजी नजरेला फांद्यापानांचा घेर ही एक पोकळी वाटते आणि पोपट तिच्या आत असतो; त्याच झाडाला लागलेली कैरी ‘ऑन द ट्री’, कारण ती फांदीला चिकटलेली.

अंगावरच्या वस्तूंचं पाहा. आपण बोटात अंगठी घालतो, पायात चप्पल, अंगात सदरा. मराठीला वाटतं की हे सगळं शरीराच्या संदर्भात ‘आत’ आहे. इंग्रजीला शरीर हा पृष्ठभाग वाटतो, म्हणून अंगठी ‘ऑन द फिंगर’ आणि बूट ‘ऑन द फीट’. उलट माणूस मात्र सदऱ्याच्या आत असतो: ‘द मॅन इन द व्हाइट शर्ट’. यात चमत्कारिक काही नाही. मेलिसा बोवरमन यांनी अनेक भाषांतल्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केला, त्यात असे फरक जागोजागी सापडतात. कोरियन भाषेत बोटात अंगठी सरकवणं आणि पुस्तक घट्ट खोक्यात बसवणं यांना एकच क्रियापद आहे, कारण त्या भाषेला आत-बाहेरपेक्षा घट्ट बसण्याचं महत्त्व. डच भाषेत टेबलावरच्या कपाला एक शब्द आणि भिंतीवर टांगलेल्या चित्राला दुसरा. स्पॅनिशमध्ये ‘इन’ आणि ‘ऑन’ दोन्हींची कामं बहुतेकदा एकच शब्द करतो. प्रत्येक भाषेतली मुलं अगदी लहान वयातच आपापली वाटणी शिकून घेतात. म्हणजे हे तर्काचं कोडं नाही, सवय आहे. आणि सवय लावता येते.

इथे मराठी माणसाच्या हाती एक साधन आहे, आणि शाळेत ते फारसं वापरलं जात नाही याची मला खंत वाटते. आपल्या भाषेतही हे बारकावे आहेत. ‘आजी घरी आहे’ आणि ‘आजी घरात आहे’ यांतला फरक कुणाही मराठी मुलाला कळतो. पहिल्यात ती बाहेरगावी गेलेली नाही एवढंच. दुसऱ्यात ती अंगणात नाही, भिंतींच्या आत आहे. पहिलं ‘ॲट होम’, दुसरं ‘इन द हाउस’. तेच ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ यांचं. गाडी वेळेवर आली, म्हणजे ठरल्या मिनिटाला: ‘ऑन टाइम’. रुग्णाला वेळेत दवाखान्यात नेलं, म्हणजे उशीर होऊन जाण्याआधी: ‘इन टाइम’. खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची, ‘इन’. रस्त्याच्या कोपऱ्यावर पानाची टपरी, ‘ॲट’ किंवा ‘ऑन’.

काळाच्या बाबतीत तर मराठीची साथ आणखी मोठी आहे. घड्याळाला आपण ‘वाजता’ लावतो, तिथे इंग्रजीत ‘ॲट’. वाराला ‘ई’ आणि तारखेला ‘ला’ लावतो: सोमवारी, पाच तारखेला, पाडव्याला, तिथे ‘ऑन’. महिना, ऋतू आणि वर्ष यांना ‘त’, ‘मध्ये’ किंवा ‘साली’: श्रावणात, उन्हाळ्यात, मार्चमध्ये, १९६० साली, तिथे ‘इन’. मुलांनी हे तीन गट आधी मराठीत नीट पाहिले, तर इंग्रजीचा निम्मा रस्ता सरतो. घोटाळा दिवसाच्या भागांपाशी होतो, कारण सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री या सगळ्यांना आपण वारासारखाच ‘ई’ लावतो. इंग्रजीत पहिल्या तिघांना ‘इन द’ आणि रात्रीला ‘ॲट’. रात्रीतून कधीतरी पाऊस पडून गेला, असं आतलं काही सांगायचं असलं की रात्रही ‘इन द नाइट’ होते. सकाळ एखाद्या ठरावीक दिवसाची असली की मात्र दिवसाचं वजन जास्त ठरतं: ‘ऑन संडे मॉर्निंग’, ‘ऑन द मॉर्निंग ऑफ फिफ्टीन्थ ऑगस्ट’. आणि ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी काही आलं, तर आधीची खूण गळून पडते.

इथवर मराठीने हात दिला. ‘पर्यंत’पाशी ती साथ सोडते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. ‘अर्ज ३१ तारखेपर्यंत पाठवा’ आणि ‘कार्यालय सहा वाजेपर्यंत उघडं आहे’ या दोन वाक्यांत आपल्याला एकच ‘पर्यंत’ दिसतो. अर्ज एकदाच पाठवायचा असतो, त्या तारखेच्या आत केव्हाही. ती शेवटची मुदत, म्हणून ‘बाय’. कार्यालयाचं उघडं असणं मात्र सहापर्यंत सलग चालू राहतं, म्हणून ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. वरिष्ठांना ‘अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवतो’ असं लिहिताना ‘टिल फ्रायडे’ लिहिलं, तर शुक्रवार येईतो तोच अहवाल पुन्हा पुन्हा पाठवत राहीन, असा त्याचा अर्थ निघतो. तपासायला सोपी खूण अशी: मराठी वाक्यात ‘पर्यंत’ऐवजी ‘च्या आत’ ठेवून पाहा. चपखल बसलं तर ‘बाय’, नाही बसलं तर ‘टिल’. रजेच्या अर्जात आणखी एक पेच असतो. ‘सोमवारपर्यंत रजा’ म्हटल्यावर आपल्याकडेही कुणीतरी विचारतंच, ‘सोमवार धरून का?’ ‘टिल मंडे’तही तो प्रश्न उरतो. अमेरिकन लोक त्यासाठी ‘थ्रू मंडे’ म्हणतात, म्हणजे सोमवार धरून. इतरांनी कामावर परत येण्याचा दिवस स्पष्ट लिहावा.

‘पासून’चंही असंच. ‘२०१९ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्ही मराठीत शुद्ध आहेत, त्यामुळे दोन्हीकडे ‘सिन्स’ लावला जातो. इंग्रजीत ‘सिन्स’ फक्त सुरुवातीच्या क्षणाला लागतो आणि लांबीला ‘फॉर’. ‘दोन वर्षांपासून इथे राहतोय’ ऐवजी मनात ‘दोन वर्षं इथे राहतोय’ म्हणून पाहावं. ‘पासून’ गाळूनही वाक्य उभं राहिलं, की तिथे ‘फॉर’. ‘२०१९ इथे राहतोय’ हे उभं राहत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स’. क्रियापदही बदलतं हे विसरू नये: आपण वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीत तिथे ‘हॅव लिव्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं.

कधी कधी वाटणी आपल्याकडे जास्त असते. काम दोन तासांत होईल आणि गाडी दोन तासांनी सुटेल, या दोन्हींना इंग्रजीत ‘इन टू अवर्स’. आपण दुसऱ्या ठिकाणी हमखास ‘आफ्टर’ घालतो. आत्तापासून पुढे मोजताना इंग्रज माणूस तिथे ‘इन’च म्हणतो.

वाहनांचं थोडक्यात: मोटार आणि रिक्षेत ‘इन’, बस, रेल्वे आणि विमानात ‘ऑन’. ज्यात उभं राहून चालता येतं आणि जे ठरल्या मार्गावर धावतं, त्याला इंग्रजी एक फिरता पृष्ठभाग मानते. बंद पडलेल्या, टाकून दिलेल्या बसमध्ये मुलं खेळत असतील, तर ती ‘इन द बस’. काही शब्दांना खूण चालतच नाही: ‘रीच मुंबई’, ‘गो अब्रॉड’, ‘एंटर द रूम’. ‘मुंबईला’, ‘परदेशात’, ‘खोलीत’ हे आपले प्रत्यय तिथे गुपचूप ‘टू’ किंवा ‘इन’ होऊन घुसतात.

इतकं ऐकूनही हे शब्द कानाने का शिकता येत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. कारण ते ऐकूच येत नाहीत. सलग बोलण्यात ‘ॲट’वर आघात नसतो, त्याचा ‘अट्’ होतो, ‘फॉर’चा ‘फ’ होतो, ‘ऑफ’चा नुसता ‘अ’ उरतो. इंग्रज मूल वर्षानुवर्षं तेच ऐकून जुळवून घेतं, आपल्याला ती सोय नाही. म्हणून इथे डोळ्यांचा आणि हाताचा उपयोग करावा. चांगल्या इंग्रजीतला एक परिच्छेद वहीत उतरवावा, हे छोटे शब्द गाळून जागा मोकळ्या ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्या भरून मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात. तयार ‘रिकाम्या जागा भरा’पेक्षा हे फार उपयोगी आहे, कारण अख्खा संदर्भ डोळ्यांसमोर असतो.

शब्दकोशही वेगळ्या रीतीने उघडायला हवा. ‘ॲट’ काढून पाहिलं तर पानभर अर्थ येतात आणि गोंधळ वाढतो. त्याऐवजी नाम काढावं: ‘कॉर्नर’, ‘वीकेंड’, ‘पेज’, ‘हॉस्पिटल’. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना परभाषकांसाठी जो कोश रचला, तो १९४२ मध्ये तिथेच छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डचा म्हणून जगभर पोहोचला. नाम कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतं हे उदाहरणांतून दाखवणं हा अशा कोशांचा मोठा गुण. तिथे दिसलेला अख्खा तुकडाच पाठ करावा: ‘ऑन पेज टेन’, ‘इन द फोटोग्राफ’, ‘ऑन द फोन’. त्याच कोशात ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ आणि अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’, ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ आणि अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’ अशी जोड्यांची नोंदही मिळते. दोन्ही बरोबर आहेत. नोकरी किंवा परीक्षा जिथली असेल तिथली एक निवडावी आणि लेखात शेवटपर्यंत तीच ठेवावी.