नवी बाई आपल्यात रुळेल का?



गटाचा धंदा वाढला की हात कमी पडायला लागतात. मग बैठकीत विषय निघतो, पगारावर एक बाई ठेवू. लगेच कुणीतरी म्हणतं, "पण आपल्यातली बघा हं." आज या 'आपल्यातली' शब्दावरच बोलू.

आमच्या मसाल्याच्या गटात दोघी कामाला विचारायला आल्या. एक गटातल्याच ताईंची भाची, दुसरी वस्तीवरची, फारशी ओळख नसलेली. आम्ही भाचीला घेतलं. कामाचं काहीच विचारलं नाही. पंधरा दिवसांत तिच्या हातून मिरची करपली. तिने ती तशीच कांडपात घातली, बोलली नाही. सगळा मसाला कडवट झाला, दुकानदाराने परत पाठवला. पण चूक तिची एकटीची नव्हती. काही बिघडलं तर लगेच सांगायचं, ही आमची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती.

माणूस रुळतं ते कामाच्या रीतीत. जात, सोयरीक, कपाळावरचं कुंकू यांवरून ते कळत नाही. लिज्जत पापडाचंच बघा. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. तिथे जातधर्म न बघता कुणीही बाई येऊ शकते. मात्र पापड घरी लाटायचे तर घरात स्वच्छ जागा लागते. ती नसेल तर पीठ मळणं, पाकिटं भरणं अशी कामं असतात. अट कामाची, माणसाची नाही.

मग आपण काय करायचं?

आधी बैठकीत आपल्या रीती लिहून काढा. वेळ, स्वच्छता, हिशेब, चूक कबूल करणं. पाच ओळी पुरेत. आलेल्या प्रत्येकीला त्या वाचून दाखवा.

सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा. नोकरी केलेली नसली तरी अनुभव असतोच. "लग्नघरी भाजीत मीठ जास्त पडलं, तेव्हा काय केलंत?" असं विचारा. उत्तरातून स्वभाव कळतो. नवरा काय करतो, मूल कधी होणार, हे विचारू नका. त्याचा मसाल्याशी संबंध नाही.

दोन दिवस काम करून बघू द्या, पण त्याची मजुरी द्या. त्या दोन दिवसांत तीही आपल्याला पारखते.

निर्णय तिघींनी मिळून घ्या. जिची नातेवाईक असेल तिने त्या दिवशी बाजूला बसावं.

आणखी एक. सगळ्याच आपल्यासारख्या असल्या तर चूक दाखवणार कोण? "हिशेब असा का लिहिता?" असं विचारणारी सुरुवातीला खटकते, पण गटाला तीच वाचवते.

पुढे आम्ही भाचीला पॅकिंगचं काम दिलं, तिथे ती छान रमली. भाजणीसाठी वस्तीवरच्या बाईंना बोलावलं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून वजन चुकलं, आणि त्यांनीच येऊन सांगितलं. भाचीच्या मावशी मात्र महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आता बोलतात.

तर पुढच्या बैठकीत त्या पाच ओळी नक्की लिहा. आणि त्या आपण स्वतः पाळतो का, तेही एकमेकींना विचारा.