आजचा सीआरपी आणि वीस वर्षांची भिंत

रुमेटॉइड आर्थ्रायटिसचा, म्हणजे आमवाताचा, पेशंट डॉक्टरकडे जातो तो बोटं सुजली म्हणून, सकाळी मूठ वळत नाही म्हणून. पण या लोकांच्या मृत्यूच्या कारणांमध्ये सगळ्यात वर सांधे नसतात, हृदय आणि रक्तवाहिन्या असतात. हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरला जातो. धोका मोजायचं नेहमीचं गणित करा आणि आलेल्या उत्तराला १.५ ने गुणा, असं युरोपातली संधिवात तज्ज्ञांची संघटना सांगते. त्यात आणखी एक गोची आहे. आजार पेटलेला असतो तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट खाली येतं. म्हणजे रिपोर्ट चांगला दिसतो आणि धोका वाढलेला असतो.

मग हा धोका आधी दिसावा कुठे? एक उत्तर म्हणजे धमनीच्या भिंतीत. म्हणूनच ‘आमवातात कॅरोटिडची जाडी आणि सीआरपी यांचा संबंध’ हा प्रबंधाचा लाडका विषय आहे. आमवाताच्या जागी किडनीचा जुना आजार, सोरायसिस किंवा सीओपीडी टाका, साचा तोच राहतो. तुमच्यापैकी कोणी हा विषय घेणार असेल तर आधी ही दोन मापं नक्की काय मोजतात ते बघून घ्या.

भिंतीपासून सुरू करू. मानेत दोन्ही बाजूंना नाडी लागते ती कॅरोटिड धमनी. तिच्या भिंतीला तीन थर: आतला इंटिमा, मधला स्नायूंचा मीडिया, बाहेरचा अ‍ॅडव्हेंटिशिया. सोनोग्राफीत प्रोबपासून लांबच्या भिंतीवर दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात आणि त्यांच्यामधलं अंतर म्हणजे इंटिमा-मीडिया जाडी. हे माप सोनोग्राफीने घेता येतं हे इटलीतल्या पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं. निरोगी तरुण माणसात ही जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि वयाबरोबर सावकाश वाढत जाते. ०.९ मिमीच्या वर गेली की जास्त समजायची, असा युरोपात बराच काळ संकेत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोनोग्राफीला इंटिमा आणि मीडिया वेगळे करता येत नाहीत. चरबीचा रोग सुरू होतो इंटिमात, पण ब्लड प्रेशर जास्त असेल तर मीडियाही जाड होतो. मशीन दोन्हीचा एकच आकडा देतं. त्यामुळे ‘जाडी वाढली म्हणजे अथेरोस्क्लेरोसिस झाला’ हे वाक्य प्रबंधात सहज लिहिलं जातं, पण तेवढं सहज खरं नसतं. प्लाकची गोष्ट वेगळी. एखाद्याच ठिकाणी उंचवटा आला असेल, आजूबाजूच्या जाडीपेक्षा निम्म्याने जास्त किंवा अर्धा मिलिमीटर आत घुसलेला, किंवा जाडी १.५ मिमीच्या वर असेल, तर तो प्लाक. तो वेगळा नोंदवा, सरासरीत बुडवू नका.

आता आकड्यांचा अंदाज घ्या. २०११ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात आमवाताच्या रुग्णांची भिंत इतरांपेक्षा सरासरी ०.०९ मिमी जाड निघाली. साडेसात मेगाहर्ट्झच्या प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनीलहरीची लांबीच शरीरात सुमारे ०.२ मिमी भरते. म्हणजे ज्या फरकामागे आपण लागलोय तो लहरीच्या निम्म्याहून कमी! तरीही तो सापडतो, कारण एका जागी एकदा मोजत नाहीत. फाट्याच्या फुगीर भागाच्या अलीकडचा एक सेंटिमीटरचा तुकडा घेतात, त्यावर खूप ठिकाणी मोजून सरासरी काढतात. हृदयाच्या ठोक्यातली वेळही तीच पाळावी लागते, कारण धमनी फुगली की भिंत पातळ होते. सोनोग्राफर बदलला, वेळ बदलली की ०.०९ कुठल्याकुठे हरवतं. म्हणून अभ्यास सुरू व्हायच्या आधी वीस-पंचवीस जणांचं दोनदा मोजमाप करा, आणि मोजणाऱ्याला पेशंट कोण आणि निरोगी कोण हे सांगू नका.

सीआरपीचा स्वभाव नेमका उलटा. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. आयएल-६ नावाच्या संदेशवाहक प्रथिनाची हाक आली की यकृत तो बनवतं. त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तास. दाढ सुजली, सर्दी-खोकला झाला की आकडा चढतो, बरं वाटलं की उतरतो. हृदयाच्या धोक्यासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीच्या ज्या पायऱ्या वापरतात, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, त्या एरवी निरोगी असलेल्या लोकांसाठी आखलेल्या आहेत. १० च्या वर आकडा आला तर दुसरं काही दुखणं आहे का ते बघा आणि नंतर पुन्हा तपासा, असा तिथला सल्ला. आमवाताच्या पेशंटचा सीआरपी तर आजारामुळेच २०-३० असू शकतो. त्या पायऱ्या इथे जशाच्या तशा लावण्यात अर्थ नाही.

आता ही दोन मापं शेजारी ठेवा. एक दिवसागणिक बदलतं, दुसऱ्याला वाढायला वर्षं लागतात. आज किती पाऊस पडला यावरून विहिरीचं पाणी सांगण्यासारखं आहे हे. संबंध आहेच, पण विहिरीला मागच्या किती पावसाळ्यांचा हिशेब असतो, खालचा खडक असतो, उपसा असतो. त्यामुळे ६० पेशंट घेतले, एकाच दिवशी रक्त काढलं आणि सोनोग्राफी केली, आणि सहसंबंध ०.३ आला, तर हुरळू नका. त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे जाडीतल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के सीआरपीशी जुळतात. त्यातलाही किती भाग वयाचा? वयाने भिंत जाड होते, वयाबरोबर आजाराची वर्षंही वाढतात. वय हिशेबात घेतल्यावर बरेच सुंदर आलेख आडवे पडतात. शिवाय स्टेरॉइड: ते सीआरपी खाली आणतं, पण ब्लड प्रेशर आणि साखर वाढवू शकतं. ज्याचा आजार जास्त त्याला स्टेरॉइड जास्त, मग ज्याची भिंत जाड त्याचाच आजचा सीआरपी कमी, असंही निघू शकतं. आकडा खोटा नसतो, तो फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं.

आणि समजा संबंध पक्का निघाला, तरी सीआरपी भिंत खराब करतो असं म्हणता येईल का? याचं उत्तर आलं ते जनुकांवरून. काही लोकांचा सीआरपी जन्मजातच थोडा जास्त असतो. तोच दोषी असता तर त्यांना हृदयविकारही जास्त व्हायला हवा होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तसं दिसलं नाही. २०१२ मध्ये आयएल-६ च्या रिसेप्टरच्या जनुकावर तेच केलं, तेव्हा मात्र संबंध दिसला. म्हणजे सीआरपी हा धूर, जाळ वरच्या बाजूला. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १०,०६१ जणांमध्ये आयएल-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब तपासलं गेलं. १५० मिलिग्रॅमच्या डोसला पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले, आणि एलडीएल हललंसुद्धा नाही. पण जीवघेणे संसर्ग वाढले. हा भाग लोक सांगायला विसरतात. पुढच्याच वर्षी सर्ट चाचणीत कमी डोसचं मेथोट्रेक्सेट, आमवातातलं रोजच्या वापरातलं औषध, हृदयरोग्यांना देऊन पाहिलं. ना सीआरपी उतरला, ना अटॅक कमी झाले. त्या चाचणीत सीआरपी जास्त असण्याची अट नव्हती. माझ्या मते विद्यार्थ्यांनी या दोन चाचण्या जोडीनेच वाचाव्यात.

भिंतीच्या जाडीचे दिवसही पालटले आहेत. २०१२ मध्ये ३६,९८४ लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा एकाच माणसाची जाडी काही वर्षांत किती वाढली यावरून पुढचा अटॅक सांगता आला नाही. २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी नेहमीच्या तपासणीत हे माप घेऊ नका असं सांगितलं. २०२० मध्ये ११९ चाचण्या एकत्र पाहिल्या, तर ज्या उपचारांनी जाडीची वाढ मंदावली त्यांनी धोकाही कमी केला होता. यात विरोध नाही. एका माणसात मोजमापाची चूक खऱ्या बदलापेक्षा मोठी ठरते, हजारोंच्या सरासरीत ती विरून जाते.

तेव्हा विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण ओपीडीत जुन्या फायली असतील तर एका दिवसाच्या सीआरपीवर थांबू नका. मागच्या पाच-सात वर्षांतले सगळे आकडे तारखांसकट उतरवा आणि काळानुसार सरासरी काढा. जिथे दोन तपासण्यांमध्ये वर्षभराची खिंड आहे तिथे खूण करा. पेशंट दुखणं वाढल्यावरच येतो, त्यामुळे फायलीतला सीआरपी त्याच्या नेहमीच्या दिवसांपेक्षा जास्तच दिसणार. स्टेरॉइडचा एकूण डोस, सिगारेट, तंबाखू, ब्लड प्रेशर शेजारच्या रकान्यांत येऊ द्या. आणि वयाचा रकाना सगळ्यात आधी भरा, जन्मतारखेसकट. आपल्याकडच्या केसपेपरवर ‘अंदाजे ४५’ असं फार वेळा लिहिलेलं असतं.