छर्रा आधी, ताकद मागाहून

एअर रायफल म्हटली की आपल्याकडे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवते. त्याच जातीची बंदूक अमेरिकेत हरणाच्या शिकारीपर्यंत पोचली आहे, हे अनेकांना खरं वाटत नाही. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने २०१८ मध्ये तशी परवानगी दिली, पण अटी घालून. नळीचा व्यास किमान .३० इंच हवा. गोळी किमान १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची हवी आणि ती सेकंदाला ८०० फुटांहून कमी वेगाने सुटता कामा नये. नाहीतर गोळीची ऊर्जा निदान २१५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २९० ज्यूल भरली पाहिजे. भारतात परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलची कमाल मर्यादा आहे २० ज्यूल. दोन्ही हवेच्याच बंदुका, पण ताकदीत चौदापट फरक.

हवेची ताकद हा काही आजचा शोध नाही. टायरोलच्या बार्थोलोमेउस जिरार्दोनीने बनवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास वापरात आणली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती, बाजूला वीसेक गोळ्यांची नळी होती आणि टाकी भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. १८०४ साली शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातही हवेची रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या मूळ रहिवाशांना ते ती उडवून दाखवत.

नवा शिकारी दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, हिची ताकद किती? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न छर्ऱ्याचा. नळीतून कोणता छर्रा सुटणार हे ठरलं, की ताकद किती हवी हे जवळजवळ आपोआप ठरतं. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे जास्त जातात, नेम बिघडतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत वाईट.

कारण छर्ऱ्याच्या घडणीतच आहे. एअर रायफलचा नेहमीचा छर्रा डमरूसारखा असतो: पुढे भरीव गोल डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ पोकळ घेर. हवेचा दाब आला की तो घेर फुगतो, नळीच्या पेचांना घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. नळीबाहेर पडल्यावर हाच घेर हवेत ओढ निर्माण करतो. वजन पुढे आणि ओढ मागे, त्यामुळे छर्ऱ्याचं तोंड सरळ राहतं. या रचनेला एक मर्यादा आहे. आवाजाचा वेग साधारण २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. छर्रा त्या वेगाच्या जवळ पोचू लागला की त्याच्याभोवतीची हवा खवळते, छर्रा डुलायला लागतो आणि नेम फुटतो. म्हणून अनुभवी नेमबाज सेकंदाला २६० ते २९० मीटरच्या पट्ट्यात राहतात.

आता हिशेब करून बघा. किलोग्रॅममधल्या वजनाच्या निम्म्याला सेकंदाला मीटरमधल्या वेगाच्या वर्गाने गुणायचं, की ऊर्जा मिळते. वेग २७० मीटर धरू. .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीचा, ८.४४ ग्रेनचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. त्याची ऊर्जा २० ज्यूल भरते. .२२ नळीचा १८ ग्रेनचा छर्रा ४३ ज्यूल देतो, .२५ नळीचा ३४ ग्रेनचा ८० आणि .३० नळीचा ४५ ग्रेनचा सुमारे १०५. माझ्या लेखी ताकदीचं कोष्टक हेच. .१७७ च्या नळीतून ४० ज्यूल काढायचा हट्ट धरला, तर तो हलका छर्रा आवाजाच्या वेगापलीकडे जाईल आणि कुठे लागेल याचा भरवसा उरणार नाही. जास्त ताकद हवी असेल तर जाड नळी आणि जड छर्रा घ्यावा. वेग वाढवत बसू नये.

खोक्यांवर मात्र वेगच मोठ्या अक्षरांत छापतात. सेकंदाला १२०० फूट! बहुतेक वेळा हा आकडा अतिहलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो आणि शिकारीला कोणी तो छर्रा वापरत नाही. शिवाय १२०० फूट म्हणजे ३६५ मीटर, आवाजाहून वेगवान. असं खोकं दिसलं तर तो आकडा सोडून द्या आणि नळीला कोणता छर्रा मानवतो ते विचारा.

स्प्रिंगच्या रायफलीत आणखी एक पेच असतो. घोडा दाबला की आतला दट्ट्या पुढे झेपावतो आणि समोरची हवा दाबतो. छर्रा फार हलका असला तर दट्ट्याला अडवायला हवेची गादीच राहत नाही. तो सिलिंडरच्या टोकाला आपटतो आणि स्प्रिंग नि सील लवकर जातात. छर्रा फार जड असला तर दट्ट्या उलटा उसळतो आणि ऊर्जा वाया जाते. म्हणून अशा रायफलीला मधल्या वजनाचाच छर्रा द्यावा. शिवाय स्प्रिंगची रायफल जितकी जोरकस, तितकी ती हातात नाचते. पंचवीस-तीस ज्यूलची स्प्रिंगची रायफल एकसारखी धरून नेम साधणं फार थोड्यांना जमतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या ताकदीसाठी आज वापरतात ती आधीच हवा भरलेली रायफल, म्हणजे पीसीपी. टाकीत २०० ते ३०० बार दाबाची हवा असते, हातोडी झडपेवर आदळते आणि मोजकी हवा सुटते. इंग्लंडच्या डेस्टेट कंपनीने सत्तरच्या दशकात जनावरांना भूल देणाऱ्या बंदुका बनवायला सुरुवात केली आणि पुढे तेच कसब अशा रायफलींना लावलं. पीसीपीत जड छर्रा नळीत जरा जास्त वेळ राहतो आणि हवेकडून जास्त ढकल घेतो. म्हणून त्याच मांडणीत जड छर्ऱ्याची ऊर्जा हलक्याहून जास्त भरते.

ब्रिटनमध्ये यातून कायद्याचा प्रश्न उभा राहतो. १९६९ च्या नियमांनुसार तिथे १२ फूट-पाउंडांपेक्षा, म्हणजे १६.३ ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या एअर रायफलला अग्निशस्त्राचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून साध्या एअर रायफललाही परवाना हवा. हलक्या छर्ऱ्याने मर्यादेच्या काठावर बसवलेली पीसीपी जड छर्रा घालताच मर्यादा ओलांडू शकते आणि मालक गुन्हेगार ठरतो. छर्ऱ्याची नवी डबी आणली की क्रोनोग्राफवर वेग मोजून घेणं हा तिथला शहाणा रिवाज आहे.

आणि त्या १६ ज्यूलमध्ये ब्रिटिश शिकारी गेली कित्येक दशकं शेतातले ससे, धान्याच्या कोठारातले उंदीर आणि अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी मारत आला आहे. सशाच्या डोक्यात नेम धरायची जागा जेमतेम अडीच सेंटिमीटरची. ती पंचवीस-तीस मीटरवरून दर वेळी साधली, तर १६ ज्यूल पुरतात. ती चुकली, तर ६० ज्यूलनेही ससा पोटात छर्रा घेऊन बिळात जातो आणि तिथे हाल होऊन मरतो. आपण किती लांबून पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्यात बसवू शकतो, तेच आपलं शिकारीचं अंतर. मोठ्या ताकदीने हे अंतर वाढतं ते फक्त वाऱ्याने छर्रा कमी सरकतो आणि कमी खाली पडतो म्हणून, आणि तेही जड छर्रा असेल तरच. कोठारात पत्र्याखाली मोठी रायफल नेणं तर धोक्याचंच: छर्रा उंदरातून आरपार जाऊन पत्रा फोडतो, किंवा गुरांकडे उसळतो.

हल्ली कंबर नसलेल्या, बंदुकीच्या गोळीसारख्या ‘स्लग’चा बोलबाला आहे. तो वेग टिकवतो, पण त्याला पेचांचा योग्य पीळ आणि भरपूर ताकद लागते, आणि उसळी मारून लांबही जातो. मागे मातीचा बांध नसेल तिथे तो नको.

छर्रा निवडायचा कसा? आकाराबाबत मला शंका नाही: शिकारीसाठी गोल डोक्याचा. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण टोक जरा जरी वाकडं असलं तर नेम जातो. चपट्या तोंडाचे कागदावर स्वच्छ भोक पाडतात, पण लांब पल्ल्यावर लवकर मंदावतात. मग मापाची पाळी. .२२ च्या डब्यांवर डोक्याचं माप ५.५० पासून ५.५३ मिलिमीटरपर्यंत छापलेलं असतं. शतांश मिलिमीटरचा हा फरकही नळीला कळतो. चेक जेएसबी, जर्मन एच अँड एन अशा नावाजलेल्या कारखान्यांचे तीन-चार प्रकार घ्यावेत. प्रत्येक नव्या प्रकाराचे पहिले दहा-पंधरा छर्रे मोजू नयेत, कारण आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसायला तेवढे लागतात. मग वारा पडलेला असताना टेकू देऊन पाच-पाचचे गट मारावेत. बोटाने आत लोटताना जो छर्रा ढिला पडतो किंवा ज्याला जोर लावावा लागतो, तो बहुधा आपल्या नळीचा नव्हे. एक मानवला, की डबीवरचा बॅच क्रमांक पाहून त्याच बॅचच्या डब्या घेऊन ठेवाव्यात. छर्रे बहुधा शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि छर्रे तोंडात धरू नयेत.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. वरची शिकार ब्रिटन-अमेरिकेतली आहे. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूल किंवा .१७७ यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. आणि हातात परवाना न लागणारी रायफल असली, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पशुपक्ष्यांची शिकार गुन्हाच आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम निघाली आणि गावकऱ्यांनी आपणहून बंदुका आणून दिल्या, कारण जंगलातले पक्षी या बंदुकांनीच कमी केले होते.

छर्ऱ्याचं हे सगळं शास्त्र आपल्याकडे दहा मीटरच्या रेंजवर कामी येतं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तो अर्ध्या ग्रॅमच्या चपट्या तोंडाच्या छर्ऱ्याने. त्या स्पर्धेतल्या रायफलींची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांनी जवळच्या रायफल क्लबात नाव घालावं, आणि रायफल विकत घेण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला विचारून दोन-तीन प्रकारचे छर्रे मारून पाहावेत.